उपग्रहाचं चित्र वाचायचं कसं: पाऊस, धूळ, धूर आणि हवा, घरबसल्या

माझे मामा तासगावजवळ बेदाणा करतात. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, द्राक्षं तोडून डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची आणि पंधरा-एक दिवस वाळू द्यायची. शेडला वर छप्पर असतं पण बाजू उघड्या, कारण वारा खेळला पाहिजे. त्या पंधरा दिवसांत वळवाची एक सर तिरकी आत घुसली की माल काळा पडतो आणि भाव बसतो. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये मामांचा फोन ठरलेला, "बघ रे तुझ्या कॉम्प्युटरवर, येतंय का काय."

काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी मी उपग्रहाचं रंगीत चित्र उघडलं, तर सांगलीवर लालभडक डाग. मी म्हटलं मामा झाका. त्यांनी चार गडी लावून तीन तास ताडपत्र्या बांधल्या आणि थेंब पडला नाही. पांढुरकं आभाळ आलं, ऊन मऊ झालं, बस्स. संध्याकाळी फोन, "लेका, तुझा उपग्रह काय घेऊन फिरतोय काय?"

उपग्रह शुद्धीत होता हो. तो एवढंच सांगत होता की वर खूप उंचावर खूप थंड ढग आहे. त्यातून पाऊस पडतोय हे मी माझ्या मनानं लावलं. गगनबावड्याच्या बाजूला वादळ झालं होतं, त्याच्या डोक्यावरचा बर्फाचा पातळ पदर वरच्या वाऱ्यानं पूर्वेकडे उडत उडत तासगावावर आला होता. तेव्हापासून कुठलंही चित्र उघडलं की मी आधी तीन गोष्टी विचारतो: यंत्रानं नक्की काय मोजलं, किती वाजता मोजलं आणि किती उंचीवरचं मोजलं. खालच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे याच तीन प्रश्नांची वेगवेगळी रूपं आहेत. लागणारं सगळं फुकट आहे, फोनवरही चालतं पण लॅपटॉप बरा.

पायरी १: कोण बघतंय, किती वाजता

उपग्रह दोन जातीचे धरा, एक सीसीटीव्ही आणि एक दूधवाला.

सीसीटीव्ही म्हणजे आपले इन्सॅट-३डीआर (२०१६ साली सोडलेला) आणि इन्सॅट-३डीएस (१७ फेब्रुवारी २०२४). विषुववृत्तावर साधारण ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच वेगानं फिरतात म्हणून आपल्याला एका जागी टांगल्यासारखे. एक उपग्रह दर अर्ध्या तासाला चित्र घेतो आणि दोघांची वेळ आलटून पालटून लावली की दर पंधरा मिनिटांनी चित्र मिळतं. युरोपवाल्यांचा मेटिओसॅट-९ पण ४५.५ अंश पूर्वेवरून हिंदी महासागराकडे बघत असतो, तोही पंधरा मिनिटांनी. पाऊस, वादळ, धुकं, म्हणजे जे तासाभरात बदलतं ते सगळं यांच्याकडे बघायचं.

दूधवाले म्हणजे अ‍ॅक्वा, सुओमी एनपीपी, नोआ-२०, सेंटिनेल-५पी वगैरे. हे ध्रुवावरून ध्रुवावर जातात, ७०० ते ८५० किलोमीटर उंचीवरून, त्यामुळे बारकावा जास्त, पण दिवसा आपल्या डोक्यावरून साधारण एकदाच, दुपारी दीडच्या आसपास. (टेरा आणि अ‍ॅक्वा आता म्हातारे झालेत, त्यांच्या वेळा सरकल्यात, म्हणून रोजच्या कामाला मी सुओमी आणि नोआ-२० वापरतो.) धूळ, धूर, वायू यांची बारीक मापं बहुतेक या दूधवाल्यांकडूनच येतात. म्हणजे सकाळी नऊच्या ट्रॅफिकचा धूर यांना दिसतच नाही, ते येतात तोवर तो पांगलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता वेळेचा घोळ. चित्राच्या कोपऱ्यात जी वेळ असते ती बहुतेक वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. ०९०० लिहिलंय म्हणजे दुपारचे अडीच, ०००० म्हणजे पहाटेचे साडेपाच. मी सुरुवातीला महिनाभर सकाळ समजून दुपारची चित्रं बघितली आणि सकाळी सकाळी एवढं वादळ कसं म्हणून चकित होत राहिलो. आणि पावसाच्या आकड्यांचा दिवस तर अजून वेगळा, आयएमडीचा, म्हणजे भारतीय हवामान खात्याचा, दिवस सकाळी साडेआठला संपतो. पेपरात १२ तारखेचा म्हणून छापलेला पाऊस ११ च्या सकाळी साडेआठपासून १२ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. उपग्रहाचा पाऊस आणि गावच्या पर्जन्यमापकाचा पाऊस जुळत नाही अशी जी बोंब असते त्यातली निम्मी बोंब ही असते.

पायरी २: तीन चित्रं शेजारी शेजारी

आयएमडीच्या वेबसाइटवर सॅटेलाइटचा विभाग उघडा आणि एकाच वेळेची तीन चित्रं तीन टॅबमध्ये ठेवा. एकावर कधीही विश्वास ठेवायचा नाही.

पहिलं व्हिजिबल. हा सरळ फोटो, सूर्याचा प्रकाश ढगावरून परत आलेला, इन्सॅटच्या इमेजरमध्ये १ किलोमीटरपर्यंतचा बारकावा. रात्री काळं. यात ढगाचा पोत बघायचा. वर चढणारा पावसाळी ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो, टणक, फुगलेला, कडा कापल्यासारखी, संध्याकाळ झाली की एका बाजूला सावली पण पडते. वरचा पातळ पदर मात्र विंचरलेल्या कापसासारखा, त्यातून खालची जमीन, धरणं, नद्या पुसट दिसतात. जमीन दिसत असेल तर त्या ढगातून कसला पाऊस पडतोय!

दुसरं थर्मल इन्फ्रारेड, ४ किलोमीटरचा बारकावा, दिवसरात्र चालतं. हा फोटो नाही, हा तापमापक आहे. जे काही सगळ्यात वर आहे त्याच्या वरच्या पृष्ठभागाचं तापमान. हवा दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते, म्हणजे जमिनीवर ३६ अंश असताना ढगाचं डोकं उणे ५० दिसलं तर फरक झाला ८६ अंशांचा, भागिले साडेसहा, साधारण १३ किलोमीटर उंच. हे गणित ढोबळ आहे पण हाताशी ठेवा. रंग भरलेल्या चित्रात लाल म्हणजे सगळ्यात थंड, लाल म्हणजे धोका असं कुणीही लिहिलेलं नाही, ते आपणच धरून चालतो. मी चालत होतो तसं. आणि पातळ पदर असेल तर खालच्या गरम जमिनीची धग त्यातून थोडी वर येते आणि आकडा अजून फसवतो.

तिसरं वॉटर व्हेपर. यात जमीन दिसतच नाही, वातावरणाच्या मधल्या आणि वरच्या थरातली वाफ दिसते. बारकावा फक्त ८ किलोमीटर पण कोरडी हवा कुठून घुसतेय, वरचा वारा कुठे वळतोय हे यात झकास कळतं. नवशिक्यांनी पहिले दोन महिने हे नुसतं बघत राहावं, निष्कर्ष काढू नयेत.

आता हे वापरायचं कसं. इन्फ्रारेडमध्ये लाल डाग दिसला की लगेच तीच जागा व्हिजिबलमध्ये बघा. दोन्हीकडे टणक, तर ढग खरा. इन्फ्रारेडमध्ये लाल पण व्हिजिबलमध्ये विरविरीत, तर तो नुसता पदर. मामांना मी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे डोकं नाही, नुसते केस." तेव्हापासून आमच्या घरात ढग दोनच प्रकारचे, डोकंवाले आणि केसवाले.

उलटी फसवणूक पण आहे आणि ती जास्त वाईट. जून-जुलैत ताम्हिणी, महाबळेश्वर, लोणावळा या पट्ट्यात धो धो पाऊस चालू असतो आणि इन्फ्रारेडमध्ये ढग काही फार थंड दिसत नाही. कारण समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकून चढते, ढग बुटकेच राहतात आणि त्यातूनच पाऊस ओतला जातो, त्यासाठी ढगाला तेरा किलोमीटर चढावंच लागत नाही. त्यामुळे घाटात पिकनिकला निघताना चित्रात लाल नाही म्हणून बिनधास्त निघणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा.

पायरी ३: थांबलेलं चित्र बघू नका, लूप चालवा

मागच्या सहा तासांची चित्रं एकामागे एक चालवा. तीन गोष्टी बघायच्या. डाग वाढतोय का विरतोय, डागाची कुठली कड धारदार आहे आणि कुठली फिसकटलेली, आणि नवीन ढग कुठल्या बाजूला उगवतायत. धारदार कड म्हणजे सहसा वादळाचा जिवंत भाग, फिसकटलेली बाजू म्हणजे वरच्या वाऱ्यानं उडवलेला पदर. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे वरचा वारा पश्चिमेकडून असतो म्हणून पदर पूर्वेला पसरतो, भर पावसाळ्यात वरचा वारा पूर्वेकडून, तेव्हा पदर पश्चिमेला. हे एकदा डोळ्यात बसलं की फसवणूक निम्म्यानं कमी होते.

एक बारीक खाच पण सांगून ठेवतो. इन्सॅट विषुववृत्तावर आहे, आपण १५ ते २२ अंश उत्तरेला, म्हणजे तो आपल्याकडे थोडं तिरकं बघतो. १५ किलोमीटर उंच ढगाचं डोकं त्यामुळे नकाशावर खऱ्या जागेपेक्षा पाच-सहा किलोमीटर उत्तरेला सरकलेलं दिसतं. जिल्ह्यासाठी फरक पडत नाही, पण ढग बरोब्बर माझ्या वावरावर आहे असं कुणी म्हणालं तर पडतो.

पायरी ४: रडारला विचारल्याशिवाय कुणालाही झाकायला सांगू नका

रडार पावसाच्या थेंबांना लहरी मारतं आणि परत आलेली लहर मोजतं, म्हणजे ढगाच्या डोक्याऐवजी पोटातला माल बघतं. मुंबईला कुलाब्याचं आणि वेरावलीचं, शिवाय गोव्याचं आणि नागपूरचं रडार आयएमडीच्या साइटवर दिसतं. रंगांच्या पट्टीवर डीबीझेड लिहिलेलं असतं, ते परत आलेल्या लहरीच्या जोराचं माप. हा आकडा फसवा आहे कारण दहानं वाढला की परत येणारी शक्ती दहापट होते. नेहमीच्या जुन्या सूत्रानं २० म्हणजे भुरभुर, ३० म्हणजे तासाला अडीच-तीन मिलिमीटर, ४० म्हणजे तासाला बारा-एक मिलिमीटर आणि ५० म्हणजे तासाला ५० च्या आसपास. त्याच्याही वर, ५५ च्या पुढे गेलं की गारांचा संशय घ्यायचा. मिलिमीटरचा अंदाज येत नसेल तर एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी.

आता रडारची मर्यादा. किरण सरळ जातो, पृथ्वी वळते, म्हणून जितकं लांब तितका किरण जमिनीपासून वर. अर्ध्या अंशात रोखलेला किरण १०० किलोमीटरवर दीड किलोमीटर उंचीवर असतो आणि २०० किलोमीटरवर चार किलोमीटरवर. गोव्याच्या रडारपासून तासगाव साधारण १९० किलोमीटर, शिवाय मधे सह्याद्री काही दिशांना खालचा किरण अडवतो. म्हणजे तासगावचा बुटका ढग रडारला दिसत नाही, आणि दिसला तो पाऊस खाली येईपर्यंत गरम कोरड्या हवेत वाळून पण जाऊ शकतो. मार्च महिन्यात तर बऱ्याचदा तसंच होतं, वर डीबीझेड आहे आणि खाली नुसता धुरळा आणि वारा.

एवढ्या जवळून कशाला बघायचं असं कुणी विचारलं तर २६ जुलै २००५ आठवा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला फक्त ७३. एकच शहर. जिल्ह्याच्या सरासरीत असं काही सापडत नाही.

आणि हे पण लिहूनच टाकतो, वादळ, पूर, वीज असल्या जिवाच्या गोष्टीत आयएमडीचा इशारा आला की आपलं घरगुती ज्ञान गुंडाळून ठेवायचं.

पायरी ५: पाऊस किती पडला, मागे जाऊन बघायचं असेल तर

जीपीएम हा उपग्रह २७ फेब्रुवारी २०१४ ला गेला, त्यावर रडारच आहे. तो आणि बाकीचे मायक्रोवेव्हवाले उपग्रह मिळून आयमर्ग नावाचा पावसाचा नकाशा बनतो, दर अर्ध्या तासाचा, चौकट साधारण ११ किलोमीटरची. तो बघायला नासाच्या जिओव्हानी पोर्टलवर जायचं, फुकट अकाउंट काढायचं, तारीख आणि चौकोन टाकायचा, नकाशा किंवा आलेख मागायचा, फाइल डाउनलोड करायची पण गरज नाही. तीन आवृत्त्या असतात. पहिली काही तासांत येते, शेवटची काही महिन्यांनी जमिनीवरच्या पर्जन्यमापकांशी जुळवून येते. अभ्यासाला शेवटची घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला पहिली चालेल. सह्याद्रीच्या बुटक्या ढगांचा पाऊस यातही कमी दिसतो, कारण वर सांगितलंच.

पायरी ६: धूळ, एक खरी केस हाताळून बघू

वाचून काही होत नाही, हात घालावा लागतो. २३ जानेवारी २०२२, रविवार. मुंबई-पुण्यात बऱ्याच जणांना आठवत असेल, सकाळपासून आभाळ दुधी, लांबच्या इमारती गायब आणि गाड्यांवर पांढरी पावडर. माझ्या स्कूटरच्या सीटवर बोट फिरवलं तर टाल्कम लावल्यासारखं बोट निघालं, बाजूचे काका म्हणाले कुठेतरी बांधकाम चाललंय. ती धूळ पाकिस्तानच्या बाजूनं अरबी समुद्रावरून आली होती.

आता तुम्ही हे शोधून काढा. नासाची वर्ल्डव्ह्यू ही वेबसाइट उघडा. तारीख २२ जानेवारी २०२२ करा, नकाशा कराचीपासून मुंबईपर्यंत दिसेल एवढा ठेवा. पायाला खऱ्या रंगाचं चित्र असतंच, करेक्टेड रिफ्लेक्टन्स नावाचं, त्यात सुओमी किंवा अ‍ॅक्वा निवडा. समुद्रावर मातकट पट्टा शोधा. ढग पांढराशुभ्र असतो, धूळ चहात दूध जास्त झाल्यासारखी. समुद्र गडद असल्यामुळे त्याच्यावर ती ओळखू येते, जमिनीवर आल्यावर मातीच्या रंगात मिसळते आणि नवशिक्या इथेच हात टेकतो. मग तारीख एक दिवस पुढे करा. तुलना करायचं बटण आहे, त्यात दोन तारखा डावी-उजवीकडे ठेवून मधली रेघ सरकवता येते, मुलांना दाखवा, त्यांना मजा येते.

मग वरून दुसरा लेयर चढवा, एअरोसोल ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे एओडी. हवेतल्या कणांनी वरून खालपर्यंत किती ऊन अडवलं त्याचा आकडा. ०.१ म्हणजे सूर्य डोक्यावर असताना सरळ उन्हातलं ९० टक्के खाली येतंय, हवा स्वच्छ. १ म्हणजे फक्त ३७ टक्के सरळ पोचतंय, बाकी अडलं किंवा विखुरलं. जिथे ढग आहे तिथे आकडाच नसतो, मोकळी जागा दिसते. मोकळी जागा म्हणजे स्वच्छ हवा असं समजणारे भेटतात अधूनमधून.

रात्री एओडी मिळत नाही. तेव्हा मेटिओसॅटचं डस्ट नावाचं बनवलेलं चित्र बघा, युरोपच्या हवामान उपग्रह संस्थेच्या साइटवर मिळतं. तीन इन्फ्रारेड चॅनेल मिसळून रंग केलेले असतात, त्यात धूळ गुलाबी-जांभळट दिसते आणि जाड उंच ढग गडद लाल. रंग खरे नाहीत, पण लूप चालवला की धुळीचा लोट कुठून सुटला आणि कुठे चाललाय हे दिवसरात्र कळतं.

पायरी ७: आग आणि धूर

वर्ल्डव्ह्यूमध्येच फायर्स अँड थर्मल अनॉमलीज हा लेयर चालू करा, लाल ठिपके येतील. सुओमी आणि नोआ-२० वरच्या व्हिअर्स या यंत्राचा एक ठिपका ३७५ मीटरच्या चौकोनातला. ठिपका म्हणजे एवढा मोठा वणवा नाही, त्या चौकोनात कुठेतरी आजूबाजूपेक्षा खूप गरम काहीतरी आहे, एवढंच. मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोलीवर ठिपक्यांची खिचडी दिसते, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून आग जंगलात पसरते, हे मोठं कारण. पश्चिम महाराष्ट्रात उसाचं पाचट पेटवलं की तेही दिसतं, पण आग छोटी आणि तासाभरात विझणारी असल्यामुळे पुष्कळदा सुटतं. आणि काही ठिपके बाराही महिने एकाच जागी असतात, ते स्टीलचे कारखाने वगैरे. म्हणून आग मोजायची तर आधी वर्षभराचे ठिपके एकत्र टाकून हे कायमचे भाडेकरू वेगळे काढा.

दूधवाल्याची वेळ इथे चावते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब-हरियाणात भाताचं काड जाळतात, ठिपके मोजून सरकारं कमी झालं-वाढलं म्हणतात. पण दुपारी दीडचा उपग्रह गेल्यावर पेटवलं तर त्याच्या मोजणीत ते येत नाही. कोरियाचा जो सीसीटीव्ही उपग्रह आहे त्याच्या चित्रांवरून दुपारनंतर जाळणं वाढल्याचं २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं आणि त्यावर बराच गदारोळ झाला. ठिपके कमी झाले आणि धूर मात्र तेवढाच, असं दिसलं की आधी घड्याळ बघा.

पायरी ८: वायू, म्हणजे एनओटू

नायट्रोजन डायऑक्साइड हा गाड्या आणि वीजकेंद्रांचा वायू. दिवसा उन्हात काही तासच टिकतो, म्हणून जिथे निघतो तिथेच डाग दिसतो. तो बघणारं यंत्र ट्रोपोमी, सेंटिनेल-५पी वर, १३ ऑक्टोबर २०१७ ला गेलेलं, चौकोन साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा. पुण्यात कोथरूड आणि हडपसर वेगळे दिसतील, तुमचा चौक दिसणार नाही.

कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या वेबसाइटवर सेंटिनेल-५पी निवडून एनओटू लावा. एका दिवसाचं चित्र बघून काही ठरवू नका, त्यात वारा असतो, ढगांची भोकं असतात. महिन्याची सरासरी हवी आणि ती काढायला गुगल अर्थ इंजिन सोपं पडतं, बिगरव्यापारी कामाला फुकट आहे. तिथे तयार कलेक्शन आहे, तारीख गाळायची, महाराष्ट्राची सीमा टाकायची, मीन काढायचा, दहा-बारा ओळींचं काम. मूळ फाइली स्वतः वापरणार असाल तर क्वालिटीचा आकडा ०.७५ च्या खाली असलेले चौकोन टाकून द्यायचे, नाहीतर ढगांचा कचरा सरासरीत येतो. देशाच्या नकाशात सिंगरौलीचा वीजकेंद्रांचा पट्टा उठून दिसतो, दिल्ली, मुंबई तर दिसतेच. जुलै-ऑगस्टची सरासरी मात्र हाती लागली तरी वापरू नका, मुंबईवर ढगाविना दिवस मिळतात किती?

हात बसवायला २५ मार्च ते २० एप्रिल हा काळ २०१९ चा आणि २०२० चा शेजारी ठेवा. २५ मार्च २०२० पासून लॉकडाउन, आणि युरोपच्या अंतराळ संस्थेनं तेव्हा सांगितलं होतं की मुंबई-दिल्लीवरचा एनओटू आधीच्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ४० ते ५० टक्क्यांनी उतरला. तुम्हाला असा फरक दिसला नाही तर बहुधा तारखांचा फिल्टर चुकलाय.

पायरी ९: जमिनीवर उतरा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून इथे थांबतो जरा. एओडी असो की एनओटू, उपग्रह वरपासून खालपर्यंतचा पूर्ण खांब मोजतो. आपण श्वास घेतो तळाच्या दोन मीटरमधला. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात थंड हवा तळाला बसते, वर झाकण पडतं, सगळा धूर दोन-चारशे मीटरमध्ये कोंडतो आणि पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा आकडा, चढतो. दुपारी ऊन तापलं की तोच धूर किलोमीटर-दीड किलोमीटर उंचीपर्यंत ढवळला जातो, जमिनीवरचा आकडा उतरतो. खांबातला माल तेवढाच, फक्त पातेलं मोठं झालं. उलट जानेवारी २०२२ सारखी धूळ जर दोन-तीन किलोमीटरवरूनच निघून गेली तर एओडी भरमसाठ आणि खाली फारसं काही नाही, असंही होतं.

म्हणून उपग्रहाचा आकडा आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या स्टेशनचा त्याच तासाचा आकडा शेजारी लिहायचा. त्याच तासाचा, चोवीस तासांची सरासरी नाही, एक्यूआय तर नाहीच. पुणे-मुंबईसाठी आयआयटीएम या पुण्यातल्या हवामान संशोधन संस्थेचं सफर हे हवा मोजायचं जाळं पण आहे. मी साधी दोनशे पानी वही केली, रोज दुपारी एक ओळ: तारीख, दीड वाजताची एओडी, दीड वाजताचं पीएम २.५, वारा कुठून, आणि शेवटचा रकाना, गच्चीवरून सिंहगडावरचा टॉवर दिसतो का. दिसतो, पुसट, नाही. एवढंच. दोन हिवाळ्यांनंतर त्या शेवटच्या रकान्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या कोर्सनं नाही शिकवलं. एओडी कमी आणि टॉवर गायब असे दिवस आले की समजायचं धूर खाली बसलाय, सकाळचं फिरणं रद्द.

पायरी १०: हवामान बदल, म्हणजे लांबचा हिशोब

हे थोडक्यात, कारण घाई करून होणारं काम नाही. एका उन्हाळ्यावरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही, तीस वर्षांची सरासरी हा नेहमीचा मापदंड. समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाची उपग्रहांवर आधारलेली सलग नोंद १९८१ पासून आहे, अरबी समुद्र कसा तापत गेला ते त्यात स्वच्छ दिसतं. पावसासाठी चर्प्स नावाचा नकाशा, तोही १९८१ पासून. मराठवाड्याचं एखादं तालुक्याएवढं चौकोन घ्या, जून ते सप्टेंबरची बेरीज दरवर्षीची काढा, आलेख काढा, पहिला धडा झाला.

जपायचं काय, तर जोड. चाळीस वर्षं एकच उपग्रह नव्हता, एक मेला की दुसरा आला, प्रत्येकाचा डोळा वेगळा, कक्षा घसरली की मोजायची वेळ पण बदलते. आलेखात अचानक पायरी दिसली तर आधी बघा त्या वर्षी उपग्रह बदलला होता का.

अजून एक, मे महिन्यात उपग्रहानं जमिनीचं तापमान ५० च्या वर दाखवलं की बातम्या येतात. ते मातीचं, डांबराचं, पत्र्याचं तापमान आहे, चपलेशिवाय गच्चीवर गेलं की कळतं ते. हवेचं तापमान सावलीत, जमिनीपासून साधारण दोन मीटरवर मोजतात. दोन्ही खरे, पण एकमेकांशी तुलना करायची नाही.

मागच्या सीझनला परत तसंच झालं. दुपारी तीन वाजता फोन, "आभाळ आलंय रे, गडी बसवून ठेवलेत, सांग लवकर." मी व्हिजिबल उघडलं, कृष्णा नदी आणि तिची वळणं पदरातून दिसत होती. लूप चालवला, पश्चिमेला फिसकटलेलं सगळं, धारदार कड कुठेच नाही. गोव्याचं रडार रिकामं, पण त्याचं आपल्याला माहितीय. मी म्हटलं, मामा, सगळे केस आहेत, पण ताडपत्र्या काढून शेडच्या दाराशी ठेवा, साडेचारला परत बघतो.

"बरं," मामा म्हणाले, "मग पोरांना तोवर चहा सांगतो."